चौघांचा शेजारधर्म

रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपून रेमंड पेलेतिए घरी आले, तेव्हा त्यांची बायको बर्नाडेट तव्यावर प्लॉय टाकत होती. कुट्टूच्या पिठाच्या या जाळीदार पोळ्या आणि कोंबडीचा रस्सा खायला नेहमीचे तिघे यायचे होते. रेमंडना धरून चौघांच्याही कंपन्या एकच काम करत: म्हाताऱ्या-आजारी माणसांच्या सेवेला घरोघरी बाया पाठवायच्या. चौघांत एक जुना रिवाज होता. एकाकडची बाई दुसऱ्यानं कामावर घ्यायची नाही. बाया जागच्या जागी राहत, पगारही जागचा हलत नसे. याला ते शेजारधर्म म्हणत.

रेमंडची भाची नोरीन यंदाच त्यांच्या कंपनीची वकील झाली होती. हा शेजारधर्म तिला कळला तो लॉरेट डेगलमुळे. लॉरेट चौघांतल्याच गिलमन सीरकडे कामाला. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून घराजवळ काम मिळावं यासाठी तिनं रेमंडकडे अर्ज केला. रेमंडनी रिवाजाप्रमाणे गिलमनला फोन केला. गिलमननं अद्दल घडवायला तिला पार जंगलापलीकडच्या घरांवर पाठवलं. बर्फातून ती परतली, तेव्हा पलंगावरून पडलेली आई गार जमिनीवर कण्हत होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

"मी काम मागितलं होतं, चोरी केली नव्हती," एवढंच लॉरेट नोरीनला म्हणाली होती.

आता जेवणाच्या टेबलावर गिलमननंच विषय काढला. "नोरीन, मामाला उगाच घाबरवतेस म्हणे? असं कर, आमचा हा रिवाज गोड शब्दांत बसवून दे. परस्पर सौजन्य, असं काहीतरी."

"गोड शब्दांत बसवला तरी गुन्हा गुन्हाच राहतो, काका. मालकांनी संगनमत करून कामगारांची वाट अडवायची, याला तुरुंग आहे."

"अगं पोरी, तुझ्या बाप्तिस्म्याचा केक मी आणला होता! आणि मलाच तुरुंग दाखवतेस?"

"केक मला आठवत नाही. लॉरेटची आई आठवते." नोरीन उभी राहिली. "मी मामांच्या कंपनीची वकील आहे, तुमची नाही. तुम्ही आपापले वकील गाठा. इथून पुढे या घरात बायांच्या कामाचा एक शब्दही बोलायचा नाही."

"जेवू तर दे गं त्यांना," रेमंड पुटपुटले.

बर्नाडेटनं शेगडी बंद केली. "आपापल्या घरी जेवा म्हणावं. अर्धी कंपनी माझी आहे, रेमंड. मीही एके काळी घरोघरी आजारी माणसं पुसलीत, उचललीत. तेव्हा मला कुणी असं अडवलं असतं, तर?"

तिघे उठले. दारात गिलमन वळून म्हणाला, "रेमंड, तुला खांदा द्यायलाही कुणी येणार नाही, बघ."

दार लागल्यावर रेमंडनी विचारलं, "आता?"

"आपणहून सरकारकडे जायचं. जी कंपनी सगळ्यांत आधी कबूल करते, तिला खटल्यातून सूट मिळू शकते. पण काहीही लपवायचं नाही, आणि बायांचं नुकसान भरून द्यायचं. तुम्ही नको म्हणालात तर वकील म्हणून माझं तोंड बांधलेलं आहे. पण मग तुमची वकिली मी सोडते."

"गिलमनला अडकवून मी सुटलो, असं म्हणतील लोक."

"म्हणू देत," बर्नाडेट म्हणाली. "खोटं थोडंच आहे?"

सोमवारी नोरीननं सरकारी वकिलांना फोन लावला, तेव्हा रेमंड शेजारी बसले होते. पलीकडून कंपनीचं नाव विचारलं गेलं. रेमंडनी ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

चौकशी लांबली. मिस्सेनंतर रेमंडशी कुणी बोलेनासं झालं. लॉरेटची आई पुन्हा चालली नाही. अशाच एका दुपारी रेमंड लॉरेटच्या दारात गेले, टोपी हातात घेऊन.

"ये आमच्याकडे. घराजवळचं काम देतो. पगारही वाढवलाय."

लॉरेट दारातच उभी होती. तिनं त्यांना आत बोलावलं नाही.

"वाढवला ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण मी तुमच्याकडे येणार नाही. कुठं जायचं, ते आता माझं मी ठरवीन."