वाडामल्लीची चिंधी

बस विनुता. त्या स्टुलावर नको, इकडे खुर्चीवर बस. आधी पाणी पी. बाबांनी ओळखलं नाही म्हणतेस ना? का ओळखलं नाही, ते मी सांगतो तुला. गोष्ट ऐकतेयस असंच समज. फक्त मधेच उठून जाऊ नको, कारण ह्या गोष्टीत वाईट काम करणारा मीच आहे, आणि हे सांगायचा धीर मला परत होईल असं नाही.

तुला माहीत आहे, मी पाचवीत शाळा सोडली. आकडे येतात, अक्षरं अडतात. म्हणून माझ्या मापवहीत गिऱ्हाइकाचं नाव नसतंच. ब्लाउज बेतला की उरल्यातली बोटभर चिंधी कापायची, टाचणीनं पानाला लावायची, शेजारी छाती, बाही, खांदा लिहायचा. पान उघडलं की चिंधीवरून माणूस कळतो. चाळीस वर्षं झाली. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांतली आपली सगळी घरं त्या वहीत आहेत. तुझ्या आईची, कमलाक्षी वहिनीची, सतरा पानं. सतराही पानांवर एकच रंग. वाडामल्ली. ते गुंडीसारखं गोल जांभळं फूल हारात ओवतात बघ, वाळलं तरी रंग सोडत नाही, तो.

मी म्हणायचो, "वहिनी, दुकानातले बाकीचे रंग संपले काय?"

ती म्हणायची, "दुसरा रंग नेसले तर तुमचे मित्र दुसऱ्याच बाईमागं चालू लागतात, भावजी. मदुराईत अर्धा दिवस शोधत होते मी त्यांना."

तुझा बाप, आपला गुरुराज, शेजारी उभा राहून हसायचा. "रघ्या, तुझी कात्री तेवढी सरळ चालते, तू मात्र तिरका," म्हणायचा.

वहिनी गेली. गुरुराज विसरायला लागला. तू मस्कतला. मग कालव्यापलीकडच्या त्या वृद्धाश्रमात ठेवलंस त्याला. मी दोष देत नाही ग. त्या दिवशी त्याची पिशवी धरून मीच तर सोबत चाललो होतो.

तिथल्या कामवाल्यांचे युनिफॉर्म शिवायला माझ्याकडे आले. ते ठरवायला बेंगळुरूहून शिवराज नावाचा माणूस यायचा. असेल पस्तिशीचा. त्याचा धंदाच रंगांचा. कुठल्या कंपनीच्या माणसांनी कुठला रंग घालावा, कुठल्या शर्टाकडे बघून गिऱ्हाईक विश्वास टाकतं, कुठल्या साडीपुढं मुकाट रांगेत उभं राहतं, सगळं त्याला पाठ. हातात रंगपट्ट्यांची गड्डी, पंख्यासारखी उघडायची. "मास्टर," मला म्हणायचा, "माणूस बोलणं नंतर ऐकतो, आधी रंग ऐकतो." माझ्या हातची पांचट कॉफी नावं न ठेवता प्यायचा. मला तो आवडला. खोटं कशाला सांगू.

पहिले युनिफॉर्म त्यानं मोरपिशी हिरवे करून घेतले. हिरव्यानं म्हातारे शांत होतात म्हणे. कसले होतात! ताटं फेकायला लागले. तुझा बाप चार दिवस जेवला नाही. शिवराज इथं येऊन, तू बसलीस तिथंच, कपाळ चोळत बसला. आणि मी शहाणा! वही काढून त्याच्यापुढं टाकली.

"तुझ्या गड्डीत शंभर रंग असतील," म्हटलं. "माझ्यात बघ. ही चिंधी ज्याच्या अंगावर असेल, त्याच्या हातून गुरुराज जेवेल."

तो पानं उलटत गेला. सावकाश. मग फोन काढून एकेका पानाचा फोटो घ्यायला लागला. "मास्टर, ही चिंधी कोणाची?" प्रद्युम्नच्या आईची. "ही?" अप्पाजीच्या थोरल्या बहिणीची, तिनंच त्याला वाढवलं. तिथं राहणाऱ्या अकरा म्हाताऱ्यांची घरं निघाली त्या वहीत. मी मेलेल्या बायांची एकेक करून ओळख करून देत होतो, आणि मला वाटत होतं, बघा, पाचवी नापासाचं आज कौतुक होतंय.

पहिला वाडामल्ली सदरा हरिणीसाठी शिवला. ती तिथली कामवाली. चांगली बाई आहे, तू आज बघितलंस तिला. तो घालून ती सांबारभात घेऊन गेली, आणि गुरुराजनं तोंड उघडलं. पूर्ण ताट संपवलं. वर म्हणतो कसा, "कमळे, मीठ कमी आहे." मी दारात उभा राहून हसलो, रडलो, दोन्ही. तुला व्हिडिओ आला असेल. आला ना? तूही रडली असशील.

मग अकरा रंग शिवले. अकरा म्हाताऱ्यांना अकरा बाया. आश्रम असा गप्प झाला की आत गेलं तर पंख्याचा आवाज यायचा.

त्यानंतर शिवराजनं साठ कोट सांगितले. राखाडी. गळ्यापासून गुडघ्याखालपर्यंत बंद. "कोणासाठी रे?" म्हटलं. "भेटायला येणाऱ्यांसाठी, मास्टर. लोक भलभलत्या रंगांत येतात, म्हाताऱ्यांचं चित्त उडतं. राखाडीचं बघा, डोळा त्याच्यावर थांबतच नाही. भिंतीसारखा घसरतो." मी शिवले. बटणं घट्ट बसवली, धुण्यात तुटू नयेत म्हणून.

तुला आज फाटकात घालायला दिला, तो त्यातलाच. माझ्या हातचा.

पहिल्यांदा तो घालून मीच गेलो आत. "काय रे गुरू?" म्हटलं. तो वळला. बघितलं त्यानं. कसं सांगू तुला, ओळखलं नाही असं नव्हतं ते. माणूस आहे असंच दिसलं नाही त्याला. आवाज कुठून आला ते शोधत राहिला. तेवढ्यात दारातून हरिणी गेली, तसा उठून तिच्या मागं चालायला लागला. शिवगंगेच्या तळ्यात मी बुडत होतो तेव्हा माझी शेंडी धरून ओढणारा माणूस तो! मी कोटाच्या आत उभा होतो नुसता.

त्याच दिवशी बोलायला हवं होतं तुझ्याशी. फोन हातात घेतला होता. काय सांगणार होतो? तुझा बाप पोटभर जेवतोय, ही तक्रार?

मग गेल्या महिन्यात त्यांनी हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. दुसऱ्या आश्रमांचे मालक बोलावले होते, मलाही मानानं बसवलं, राखाडी कोटात. शिवराज पुढं. म्हणाला, "आता बघा." हरिणी वाडामल्लीत चालत गेली. गुरुराज उठला आणि मागं निघाला. हातात ताकाचा टंबलर. अर्ध्या वाटेत तिच्या अंगावर मागून कोट टाकला कोणीतरी. गुरुराज थांबला. जिथं पाय होता तिथंच. टंबलर ओठाजवळ, पण पीत नाही, खालीही ठेवत नाही. शिवराज लोकांशी बोलत राहिला. मी मोजत होतो, माझ्या मशिनीची एक बॉबिन भरून होईल एवढा वेळ. मग कोट काढला. तो चालू लागला.

टाळ्या वाजवल्या ग लोकांनी.

मी मागच्या अंगणात जाऊन बसलो. हरिणी आली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामा, मी नोकरी सोडू?" म्हटलं, सोड. "मग ते दुसरीला घालतील. सदरा तोच."

आज सकाळी तिचाच फोन आला मला. होसूरला शिवराजचा स्वतःचा आश्रम उघडतोय. तिथं रोज दाखवायला त्याला गुरुराज हवा आहे. उद्या दहाला व्हॅन. तुला आज आश्रमाच्या ऑफिसात काय सांगितलं? बाबांचीच इच्छा आहे, त्यांनी स्वतः हो म्हटलंय? मलाही तेच. हो म्हणतोच तो. हरिणीला समोर उभी करतात आणि विचारतात. एकदा तिकडे गेला की तू साता समुद्रापलीकडून किती वेळा येशील? आणि आलीस तरी तिथंही फाटकात कोट असणारच.

भांडून बघितलंस ना आज? म्हणाले असतील, त्यांनाच विचारा कोणाबरोबर जायचंय. विचारू दे. उद्या व्हॅनच्या दाराशीच विचारायला लाव. व्हॅन फाटकाबाहेर उभी राहते. फाटकाबाहेर कोट घालायची सक्ती नाही.

काय म्हणालीस? आवाजानं ओळखतील? मीही असंच म्हणत होतो, पोरी.

आईच्या साड्या घरी ट्रंकेत आहेत ना? त्यातली वाडामल्ली काढ. ब्लाउज आण माझ्याकडे, शिवणीत कापड सोडलेलं असतं मी, तासाभरात तुझ्या मापाचा करून देतो. हरिणीशी बोलून झालंय. तो व्हॅनची पायरी चढायला लागला की ती आपणहून राखाडी कोट चढवणार आहे. नोकरी जाईल तर जाऊ दे म्हणाली. तो थांबेल. त्या दिवशीसारखाच थांबेल, आणि शोधायला लागेल. तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर तू असायला हवीस.

हो, फसवणूकच आहे. त्यांनी केली तीच. मला कळतंय मी तुला काय करायला सांगतोय. सकाळपासून दुसरा रस्ता शोधतोय, सापडला नाही.

तो तुझ्याकडे बघून "कमळे" म्हणेल. तुझ्या ओठावर येईल, "बाबा, मी विनुता." ते तिथं बोलू नको. घरी घेऊन ये, जेवू घाल, मग सांग त्याला, आठवड्यानं, महिन्यानं, जमलं तर. पण उद्या त्या व्हॅनपाशी, माझी एवढी विनंती ऐक. त्यानं हाक मारली की ओ दे.