चौदा डावे मोजे

कारखान्याच्या कँटीनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलांवर माणसं, खिडक्यांत माणसं, आणि मधोमध मॅनेजरच्या गुबगुबीत खुर्चीत दोरेबाबा. आमच्या टॉवेल कारखान्याच्या बायकांच्या फुटबॉल संघाने उपांत्य सामना जिंकला होता. ज्यांनी जिंकला त्या सातजणी भिंतीला टेकून उभ्या होत्या. खुर्ची फक्त बाबांना.

"पोरींनो, पळलात तुम्ही," बाबा डोळे मिटून म्हणाले, "पण पळवलं कोणी?"

"बाबांनी!" अख्खं कँटीन ओरडलं.

"गोलकीपरने तीन गोल अडवले. हात तिचे. पण त्या हातांत बळ कोणाचं?"

"बाबांचं!"

मी चहाच्या पिंपामागे उभा होतो. मी विणकाम खात्यातला फिटर. तीन वर्षं, पहिली पाळी सुटली की या बायकांना मागच्या मैदानावर मीच पळवतो. बूट झिजले माझे, घसा बसला माझा, घरी उशिरा गेल्याबद्दल बायकोची बोलणी खाल्ली मी. आणि श्रेय कोणाला? चेंडूला नुसता पाय लावला तरी ज्याच्या कमरेत उसण भरेल त्याला! खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला अंधश्रद्धेचा वगैरे राग आला नव्हता. मी जळत होतो. टाळूपासून तळपायापर्यंत जळत होतो.

बाबांची करामत अशी. प्रत्येक खेळाडूला एक लाल दोरा. चाळीस दिवस उपास करून त्यांनी स्वतःच्या हाताने वळलेला. डाव्या घोट्याला बांधायचा, वर मोजा ओढायचा. कोणाला दाखवायचा नाही, कोणाला सांगायचं नाही, कारण ही कृपा फक्त आमच्याच संघावर. जिंकलात तर बाबांमुळे. हरलात तर तुमच्यातल्याच कोणीतरी मनात शंका धरली. पैशाला बाबा शिवत नसत. फक्त चार डझन टॉवेल घेत.

"बाबा, मी दोरा बांधलाच नव्हता."

हे बोलली ती आमची गोलकीपर, माझी सख्खी भाची. आमच्याच खात्यात मागावरचे तुटलेले धागे सांधायचं काम करते. दोन वर्षं राखीव बाकावर बसून काढल्यावर या स्पर्धेत तिला पहिल्यांदा जागा मिळाली होती. "टोचत होता, म्हणून डब्यात ठेवला," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. बाबांची मात्र पापणी लवली नाही. "म्हणूनच शेवटच्या मिनिटापर्यंत जीव टांगणीला लागला! बाकीच्यांच्या श्रद्धेने हिला तारलं. अंतिम सामन्यात ही उभी राहिली, तर मी जबाबदार नाही."

कप्तान म्हणजे पॅकिंग खात्याची मुकादम. तिने लगेच बोट दाखवलं. "तू बाहेर बस."

"ताई, तीन गोल अडवले मी!"

"ते बाबांनी अडवले. आत्ता ऐकलं नाहीस?"

संध्याकाळी भाचीने डब्यातून तो दोरा काढला आणि नखाने उलगडला. "मामा, हा आपल्याच टॉवेलच्या काठाचा धागा आहे. दोन पदरी, लाल. दिवसभर हाच तर सांधते मी. कसले चाळीस दिवस? सरळ आपल्या रिळावरून काढलाय."

"मग सांग ना सगळ्यांना."

"म्हणतील, बाबांचा हात लागला की धागा बदलतो." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "मामा, तू बाबांवर जळतोस ना?"

"कोण म्हणतं?"

"मामी."

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो.

"जळतोच आहेस तर नीट जळ. काहीतरी कामाचं कर."

दुसऱ्या दिवशी मी बिस्किट कारखान्याच्या मैदानावर गेलो. उपांत्य सामन्यात आम्ही यांनाच हरवलं होतं. त्यांची गोलकीपर, कणीक तिंबणारी एक दांडगी बाई, एकटीच भिंतीवर चेंडू आपटत होती. बाकीच्या तिच्याशी बोलत नव्हत्या.

"काय झालं, बाई?"

"माझ्या मनात शंका होती म्हणे, म्हणून हरलो."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "बाई, जरा डावा मोजा खाली करता?"

"या वयात शोभतं का हो तुम्हाला?"

पण तिने मोजा खाली केला. घोट्याला लाल दोरा! बाबांना काय दिलं म्हणून विचारलं, तर बिस्किटांचे सहा खोके. अंतिम सामन्यात आमच्यासमोर साबण कारखाना होता; त्यांनीही दोरा घेतलाच असणार. म्हणजे बाबा अंघोळ त्यांच्या साबणाने करणार, अंग आमच्या टॉवेलने पुसणार आणि वर चहाबरोबर बिस्किटं खाणार. मी तिथेच मोठ्याने हसलो, आणि संध्याकाळी भाचीला सगळं सांगितलं.

अंतिम सामन्याला पंच होते शाळेतले खेळाचे मास्तर, नियमाला कडक. खेळण्याआधी ते दोन्ही संघांना रांगेत उभं करून अंगठ्या, बांगड्या, साखळ्या काढायला लावत. तेवढ्यात बाकावरून भाची उठली.

"सर, अंगावर काहीच चालत नाही ना? मग डावे मोजेही बघा."

"गप्प बस!" कप्तान किंचाळली.

"सगळ्यांनी डावे मोजे खाली करा," मास्तर शांतपणे म्हणाले.

आमच्या रांगेत सात लाल दोरे. समोरच्या रांगेतही सात लाल दोरे. दोन्ही कप्तान एकमेकींच्या घोट्यांकडे बघत राहिल्या.

"तुला कोणी दिला हा?"

"बाबांनी. फक्त आमच्यासाठी."

"अगं, फक्त आमच्यासाठी!"

प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेतून बाबांनी हात उंचावला. "शांत व्हा! माझी कृपा दोन्ही लेकरांवर आहे."

"मग जिंकणार कोण, बाबा?" कोणीतरी ओरडलं.

मागून बिस्किटवाली बाई उठली आणि तिने मोजा खाली केला. "आणि मी हरले ती कोणाच्या कृपेने?"

स्पर्धेत आठ संघ होते. एकेकजण बोलायला लागला तसं कळलं, आठही संघ बाबांकडे गेले होते. आठांना दोरा दिला की त्यातला एक जिंकणारच, दोरा नसता तरी जिंकलाच असता. जिंकलेले बाबांचा जयजयकार करतात, आणि हरलेले सात संघ तोंड शिवून आपल्यातली संशयी बाई शोधत बसतात. एवढाच चमत्कार! लोक हसायला लागले तशी बाबांना ध्यानाची वेळ आठवली. मैदानाच्या मागच्या फाटकातून पळताना त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल पडला. आमचाच होता.

कप्तानने दोरा तोडला. माफी मागितली नाही. फक्त म्हणाली, "हातमोजे घाल."

आम्ही हरलो. दोन विरुद्ध एक. शेवटचा गोल भाचीच्या डावीकडून गेला. ती चेंडू पोटाशी धरून बसली होती. सगळ्याजणी तिच्याभोवती जमल्या.

"डावीकडे उशिरा झेपावले," ती म्हणाली. "चूक माझी. मामा, उद्यापासून डावी बाजू."

कोणीही कोणाच्या मनात शंका शोधली नाही. दुसऱ्या दिवशी कँटीनच्या फळ्यावर भाचीचं नाव मोठ्या अक्षरांत झळकलं. माझं नव्हतं. मी पुन्हा जळलो. पण या वेळी निदान ज्याचं त्याला मिळालं होतं.

सामन्याआधी हात जोडून मनाला धीर येत असेल तर खुशाल जोडा. पण हात मैदानाच्या दोन्ही बाजूंना जोडलेले असतात, हे विसरू नका. चेंडू जाळ्यात गेला की कोणाची प्रार्थना फळली ते विचारू नका. तो कसा गेला ते विचारा. त्या प्रश्नाला उत्तर असतं, आणि दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर त्याचा सराव करता येतो.