दहाव्याला दिलेला शब्द

आत्माराम भोईर चक्कर येऊन पडले, असं पोलिसांनी लिहिलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, त्यात साखरेचा आजार. संध्याकाळी मिठागराच्या बांधावर फिरायला गेले, पाणी अडवायच्या दगडावर डोकं आपटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले. सगळं कसं व्यवस्थित जुळवलेलं. इतकं व्यवस्थित काही दिसलं की मला शंका येते.

मी विनिता. भाईंदर पश्चिमेला घरोघर जाऊन तपासणीसाठी रक्त घेते, त्यामुळे निम्म्या गावाच्या शिरा आणि भानगडी मला पाठ आहेत. आमच्या सोसायटीतला जिन्यातले दिवे चोरणारा मीच पकडून दिला होता. तेव्हापासून लोक मला तोंडावर हुशार म्हणतात आणि पाठीमागे चोंबडी. दोन्ही खरं आहे.

तिसऱ्या दिवशी आत्मारामकाकांच्या बायकोने, पार्वतीकाकींनी माझा हात धरला. "ह्यो मानूस पन्नास वर्सं त्या बांधावरशी चालला. तो पडनारा न्हाय गो. तुजं डोस्कं चालतं, तू बघ. मना खरं काय ता कलूंदे, मंग मी गप बसन."

मी हो म्हटलं, कारण मला एक गोष्ट ठाऊक होती जी पोलिसांना नव्हती. त्या संध्याकाळी काका आमच्या लॅबमध्ये आले होते. भिंतीवरचं नेत्रदानाचं पोस्टर ते महिनाभर वाचत होते. माझ्याकडून फॉर्म भरून घेतला, सही केली आणि कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं. "घरी बोलू नको. म्हातारी बोंब मारील. मीच सांगन सवडीनं," म्हणाले आणि सहा वाजता तिथूनच थेट बांधाकडे गेले. मोबाइल ते वापरत नसत. पोलिसांनी परत दिलेल्या सामानात तंबाखूची डबी होती, किल्ली होती, पण कार्ड नव्हतं. म्हणजे सहानंतर त्यांना कुणीतरी भेटलं होतं. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. काकींना सांगून जखमेवर मीठ कशाला चोळायचं? डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, ते तर वायाच गेले होते. आणि खरं सांगायचं तर कार्डाबद्दल जो आपणहून बोलेल, त्याची मी वाट बघत होते.

शोधाशोध करताना निकेत माझ्यासोबत होता. निकेत म्हणजे काकांचा पुतण्या, त्याच घरात वाढलेला. आणि माझा होणारा नवरा. पस्तिशी उलटल्यावर कुणी आपली वाट बघत स्कूटर घेऊन उभं राहतं, तेव्हा कसं वाटतं हे ज्याचं त्यालाच ठाऊक. मी त्याच्यावर जीव टाकत होते. फक्त एक अट घातली होती: लग्न करीन तर स्वतःच्या घरात, भाड्याच्या खोलीत नाही. त्यासाठी भोईरांचं जुनं घर बिल्डरला द्यायला हवं होतं आणि काका सही करत नव्हते. निकेत त्या दिवशी दुपारपासून रात्री दहापर्यंत वसईला होता. तसं त्यानेच सांगितलं. मी पानवाल्याला विचारलं, वॉचमनला विचारलं, बांधावर येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. निकेतला मात्र एकदाही उलटून विचारलं नाही.

दहाव्याला खाडीकाठी पिंड मांडला. तिवरांवर दहा-बारा कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. पाऊण तास गेला. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "काहीतरी इच्छा राहिलीय त्यांची. एकेकाने शब्द द्या," ते म्हणाले.

काकी पुढे झाल्या, औषधं वेळेवर घेईन म्हणाल्या. मुलगी मनाली म्हणाली, "बाबा, आईला मी एकटं टाकणार नाही." कावळे जागचे हलले नाहीत. लोक कुजबुजायला लागले. निकेतचं कपाळ घामाने डबडबलं होतं. तो हात जोडून पुढे झाला आणि त्याचा आवाज फुटला.

"काका, तुमचे डोळे द्यायचे राहिले. मी माझे देईन. शप्पत. आता तरी माफ करा."

तिवरांवरून एक कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

बायका रडायला लागल्या. कुणीतरी निकेतच्या पाठीवरून हात फिरवला. काकी मात्र गोंधळून विचारत होत्या, "कसले डोले?" कार्डाबद्दल आपणहून बोलणारा मला सापडला होता.

मी त्याला जेट्टीपाशी नेलं. "तुला कार्डाचं कुणी सांगितलं?"

तो आधी काहीतरी जुळवायला लागला, मग त्याने ते सोडून दिलं. "त्यांनीच," तो शेवटी म्हणाला. "वसईहून लवकर आलो होतो. सहीचं विचारायला बांधावर गेलो. कार्ड दाखवून हसत होते, विनू. म्हणाले, डोळे देईन पण घर देणार नाही. मी ढकललं. एकदाच. कार्ड पाण्यात गेलं."

"पडल्यावर जिवंत होते?"

तो निघायला लागला, मी त्याची बाही धरली.

"निकेत, जिवंत होते?"

"कण्हत होते," तो म्हणाला. "मी घाबरलो. आपल्या घरासाठीच ना गं सगळं? तूच म्हणालेलीस."

मला त्याच्या थोबाडीत मारायची होती आणि त्याला कुशीतही घ्यायचं होतं. त्या दोन्ही गोष्टींची मला किळस आली. बांधापासून तीन मिनिटांवर रिक्षा स्टँड, दहा मिनिटांवर दवाखाना. आणि माझी अट.

परत आले तेव्हा काकी पाटावर बसल्या होत्या. चेहरा दहा दिवसांत पहिल्यांदा सैल झाला होता. "आमचा निकेत बघ कसा गुनाचा! वरीस जाव दे, मीच तुमचा लगीन लावून देते."

मी त्यांच्यासमोर बसले. "काकी, काका पडले नाहीत. त्यांना ढकललं."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "कोनी?"

निकेत पाच हातांवर उभा होता, मान खाली घालून. काकींसमोर मी कधी त्याचं नाव घेतलं नव्हतं, लाज वाटायची. आज पहिल्यांदा घेतलं.