चार बोटे पाणी

मित्रांनो, मी कालव्यातली एक जुनी पट्टी आहे. पाणी किती उंच वाहते ते दाखवणारी. पांढरे अंग, काळ्या रेघा. परवा मला माझ्याबद्दलच एक गोष्ट कळली आणि अजून माझा विश्वास बसत नाही.

कारखान्यात माझी रेघ न् रेघ तपासली होती. मग एका मिस्त्रीने मला कालव्याच्या भिंतीवर ठोकले आणि तळाला सिमेंट ओतले. त्याला जेवायला जायची घाई होती. माझे पाय सिमेंटमध्ये गेले. मला वाटले, मजबुतीसाठी असेल! वर गाळ साचला आणि मीही ते विसरले. पाणी सोडणारा पाटकरी माझ्याकडे बोट दाखवून सांगे, "पट्टी बघा! ठरलेलं पाणी पुरतं सोडलंय." मला केवढा अभिमान वाटे!

पण शेवटच्या मळ्यातल्या वहिनींपर्यंत पाणी पोचतच नसे. त्यांची लिंबाची झाडे सुकत. वरचा मळा त्यांच्या दिरांचा. "भावजी, पाणी चोरता आणि वर पट्टीची साक्ष काढता?" एकदा शब्दाने शब्द वाढला आणि वहिनींचे फावडे दिरांच्या कपाळाला लागले. माझ्या डोळ्यांदेखत! बारा वर्षे दोन्ही घरांत बोलणे बंद.

यंदा नवा नियम आला. आपली पाण्याची पाळी नको असेल, तर ती दुसऱ्याला विकता येईल. दिरांनी शेत पडीक ठेवून पाळी विकायला काढली. घ्यायला आले कोण? वहिनी! पाटकऱ्याने आ वासला.

"विकतचं पाणी आहे, मोजूनच घेणार," म्हणत वहिनी आपली काठी घेऊन कालव्यात उतरल्या. काठी तळाला टेकवली. पाणी माझ्या आकड्यापेक्षा चार बोटे कमी! पुन्हा टेकवली. तेवढेच. दिरांनी उतरून माझ्या पायाशी गाळ उकरला. माझे शून्य सिमेंटच्या खाली गाडलेले. मी सुरूच होत होते चार बोटांपासून!

"म्हणजे पाणी कुणीच चोरलं नव्हतं?" पाटकरी माझ्या रेघा पुन्हा मोजू लागला.

दिरांचा हात कपाळावर गेला.

"भावजी, फार लागलं होतं का हो?"

"बारा वर्षांनी विचारताय, वहिनी!" म्हणत त्यांनी स्वतः कालव्याच्या दाराचे चाक फिरवून पाणी चार बोटे चढवले. त्या दिवशी शेवटच्या लिंबापर्यंत पाणी पोचले.

मित्रांनो, माझ्यावर जरूर विश्वास ठेवा, पण वर्षातून एकदा माझे पाय धुऊन बघा. दीर रोज इथून जातात. मी जाणूनबुजून खोटे बोलले नाही. तरी त्यांच्या कपाळावरचा तो वण माझाच आहे.