उकळलेलं पाणी

पाणी तपासणीच्या कार्यालयात साहेबांचा सल्ला ठरलेला असे. जुलाब झाले, पाणी उकळून प्या. वास येतो, उकळून प्या. या सल्ल्याने कुणाचं भलं झालं की नाही ठाऊक नाही, पण तक्रार कधी आली नाही, आणि साहेब बढती घेत वर सरकत राहिले.

लेकीचा फोन आला, "बाबा, बाळाचे ओठ निळसर दिसतायत हो," तेव्हाही ते सवयीने बोलून गेले, "डब्याचं दूध कालवतेस ना? पाणी उकळून घेत जा." पुन्हा फोन आला. "मग आणखी उकळ."

रविवारी ते स्वतःच गेले. विहीणबाईंनी हौसेने स्वयंपाकघर दाखवलं. काठोकाठ भरून ठेवलेलं पातेलं आटून तळाला आलं होतं.

"तुमचा शब्द म्हणजे शब्द, व्याही. पार अर्क काढते मी पाण्याचा!"

साहेबांनी खिडकीतून पाहिलं. रेताड जमीन, उथळ विहीर, वरच्या अंगाला कोंबड्यांचं खुराडं, खताचा ढीग, आणि पावसाने धुऊन काढलेला उतार. यावर ते दरवर्षी भाषण ठोकत. खतातलं नायट्रेट पावसाबरोबर विहिरीत उतरतं, आणि तान्ह्या बाळाचं रक्त त्याने निळं पडतं. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी जातं, ते मागे राहतं आणि दाट होतं. ही विहीर लग्न ठरताना त्यांनीच तपासून 'उत्तम' ठरवली होती. भर उन्हाळ्यात, उतार कोरडा असताना, सरबत पिता पिता.

"बाळ जरा काळवंडलंय," विहीणबाई म्हणाल्या. "रंग तुमच्याकडचा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी कुठलं वापरता?"

साहेबांनी तोंड उघडलं.

"घरच्या विहिरीचं," लेक तोऱ्यात म्हणाली. "बाबांनी स्वतः तपासलंय. त्याच खात्यात मोठे साहेब आहेत ते."

"मग पाण्याचा प्रश्नच मिटला. हृदयाचं दुखणं दिसतंय. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवा."

साहेबांनी तोंड मिटलं. तिथले तज्ज्ञ रक्ताचा रंग पाहूनच ओळखतील. चारचौघांत आपण कशाला मध्ये तोंड घाला?

गाडीत बाळ नुसतं कण्हत होतं. विहीणबाईंनी थर्मास उघडून घरच्या आटवलेल्या पाण्याने बाटली भरली, दूध कालवलं.

"नको!" साहेब ओरडले.

"का हो?"

लेक वळून बघू लागली. जावई आरशातून बघू लागला.

साहेबांनी घसा खाकरला. "जरा निवू द्या."

विहीणबाईंनी मनगटावर थेंब टाकून पाहिला.

"निवलंय," त्या म्हणाल्या.