जीवरामच्या चहाची रक्ततपासणी

मंगळवार उजाडला की धरणगावाबाहेरच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडकडे माणसांची रीघ लागायची. एरंडोलकडून रिक्षा भरभरून यायच्या, धुळ्याकडून जीपगाड्या यायच्या, फैजपूरचे लोक केळीचे घड खांद्यावर घेऊन यायचे. जिथे पूर्वी कापसातून सरकी वेगळी व्हायची, तिथे आता माणसाच्या रक्तातून रोग वेगळा होत होता. वेगळा करणाऱ्यांचं नाव शुद्धीनाथ महाराज.

महाराज 'रक्तदोष' काढायचे. रक्तदोष म्हणजे काय, असं कोणी विचारत नसे, कारण ते येणाऱ्या रोग्यांना ठाऊक होतं आणि तोंडाने कोणालाच म्हणायचं नव्हतं. एचआयव्ही हा शब्द शेडमध्ये वर्ज्य होता. त्याच्या तपासणीच्या किट मात्र खोक्यांनी येत होत्या.

विधी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालायचा. रोग्याने तोंडाला रुमाल बांधून यायचं. दारात टेबल टाकून बसलेला मगन नावाचा चेला त्याचं बोट टोचायचा, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि त्यावर किटच्या बाटलीतलं द्रावण टाकायचा. ज्याच्या पट्टीवर दोन रेघा उमटतील त्याला दोष. ती पट्टी ताटात ठेवून गर्दीतून फिरवली की रोगी आत. आत चौरंगावर खानदेशच्या कानबाई देवीसारखा सजवलेला नारळ, नाकात नथ, अंगावर हिरवं लुगडं. आणि शेजारच्या सोफ्यावर महाराज.

"पॉझिटिव्ह म्हणजे काय? वायर उलटी लागलीय," महाराज समजावून सांगायचे. "डॉक्टर फक्त मीटर बघतो. मी वरचा वायरमन आहे."

मग ते रोग्याचं बोट पुन्हा टोचायचे. आता, कानबाई बसली की घरात मटणाचा विषयसुद्धा निघत नाही, हे खानदेशात पोरासोरांनाही ठाऊक. तेव्हा आईसमोर रक्त उघडं राहता कामा नये, असं महाराज म्हणाले तर कोणाला वावगं वाटणार? रक्ताचा थेंब ते कापलेल्या लिंबावर पाडायचे आणि लिंबू राखेत पुरायचे. बोट कापसाने स्वच्छ पुसून बांधून टाकायचे. मग रोग्याच्या दुसऱ्या हाताच्या तळव्यावर तांब्यातलं तीर्थ ओतायचे, त्यातला थेंबभर नव्या पट्टीवर सोडायचे आणि वर बाटलीतलं द्रावण घालायचे. भजन संपेपर्यंत पट्टीवर रेघ उमटायची. एकच. महाराज पट्टी उंच धरायचे आणि शेड जयजयकाराने दणाणून जायचं.

या किट जात होत्या रिखबचंद शेठच्या मेडिकलमधून. शेठ मारवाडी जैन, पिढ्यान्‌पिढ्या धरणगावात राहिलेले, आणि गिऱ्हाईक कोण आहे याची चौकशी न करणं हा त्यांच्या दृष्टीने व्यापाराचा पाया. त्यांची मुलगी चेलना धुळ्याला फार्मसी शिकून दुकानात बसू लागली होती. मगन खोकं घेऊन गेला की तिचं डोकं उठायचं. शेठ म्हणायचे, औषधाच्या दुकानात श्रद्धेचा माणूस येतोय, यात वाईट काय आहे.

चेलनाच्या मनात घर करून होता तो समाधान. रुईच्या गाठी गुजरातेत पोहोचवणारा ट्रक ड्रायव्हर. हा मनाने सरळ माणूस दोनेक महिन्यांपूर्वी दुकानात आला, बराच वेळ बामाच्या डब्या बघत राहिला आणि गिऱ्हाईक पांगल्यावर त्याने हळूच 'ती घरी करायची तपासणी' मागितली. घरी करायची सोय नव्हती, म्हणून चेलनाने त्याला मागच्या गोदामात बसवलं. दोन रेघा आल्या. तिने त्याला नीट समजावलं होतं की ही पहिली चाचणी आहे, शेवटचा शब्द नाही. सरकारी दवाखान्यात पुन्हा तपासायचं, तिथेही तेच निघालं तर गोळ्या सुरू करायच्या. गोळ्या रोज घेतल्या तर माणूस म्हातारा होईस्तोवर जगतो. समाधान मान डोलावून गेला. दवाखान्यात मात्र गेला नाही, कारण तिथल्या गेटवर त्याच्या बायकोचा मामा ड्युटीला होता. शेडच्या गेटवर ओळखीचं कोणी नव्हतं.

मग एका दुपारी त्याची बायको दिपमाला लोहाच्या गोळ्या घ्यायला आली. चौथा महिना सरत आला होता. चेहरा उजळलेला. नवऱ्याचा रक्तदोष महाराजांनी काढला, लिंबावर रक्त घेतलं, तीर्थाची रेघ एकच आली, हे सगळं तिने कौतुकाने सांगितलं; रक्तदोष म्हणजे नेमका कोणता आजार, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. दवाखान्यात नाव घातलंस का, असं चेलनाने विचारलं तेव्हा ती हसली.

"आते दवाखानामा जावानं कामच नही शे, ताई. महाराज म्हनतस, धनी शुद्ध त बायको शुद्ध, लेकरू बी शुद्ध."

समाधानने विश्वासाने उघडी केलेली गोष्ट त्याच्या बायकोला काउंटरवरून सांगणं तिला शक्य नव्हतं. आणि न सांगावं तर हे पोट दिसामासी वाढत होतं. गरोदरपणात वेळेवर तपासणी आणि औषधं झाली तर बाळ वाचतं, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तकातलं बाळ आणि समोर उभं असलेलं पोट यांत फरक असतो. दिपमाला गेली आणि चेलनाला रडू फुटलं. मग रागही आला, आणि राग जास्त कामाचा निघाला.

लिंबावर रक्त, पट्टीवर तीर्थ. दिपमालाचं बोलणं तिने पुन्हा आठवून पाहिलं. मग एक किट फोडली, बोट न टोचता दुकानातल्या माठातलं पाणी थेंबभर पट्टीवर टाकलं आणि वर द्रावण घातलं. थोड्या वेळाने पट्टीवर एकच रेघ आली. तिने ती पट्टी वडिलांपुढे ठेवली. शेठनी चष्मा लावला, पट्टी बघितली, माठ बघितला. मंगळवारी दुकानाला कुलूप लावून ते लेकीबरोबर शेडकडे निघाले.

माल पुरवणारे शेठ म्हणून त्यांना पुढची सतरंजी मिळाली. महाराजांनी सवयीप्रमाणे विचारलं की कोणाला काही शंका आहे का. आजवर कोणाला नव्हती, म्हणून हा प्रश्न ते अगदी मोकळ्या मनाने विचारत. चेलना उठली आणि म्हणाली, शंका नाही, एक तपासणी करायची आहे. समोर टपरी चालवणाऱ्या जीवरामला तिने कपभर कोरा चहा आणायला सांगितला. सगळ्यांच्या समोर नवी किट फोडली, चहाचा थेंब पट्टीवर सोडला, वर बाटलीतलं द्रावण घातलं आणि पट्टी चौरंगाजवळ ठेवली.

भजनी मंडळाला काय करावं कळेना, म्हणून त्यांनी भजन सुरू केलं. भजन संपलं तेव्हा पट्टीवर एक रेघ होती. जीवरामचा चहा निगेटिव्ह निघाला.

पहिल्या रांगेत भिकुबाई बसली होती. गुडघे दुखतात म्हणून दर मंगळवारी यायची, पण गुडघ्याची पट्टी नसल्यामुळे तिचा नंबर लागला नव्हता. तिने मनापासून विचारलं, "चहाले कोनता रोग व्हता, महाराज?"

महाराज डगमगले नाहीत. ते म्हणाले, आईच्या दरबारात आलेली प्रत्येक वस्तू शुद्ध होते. मग चेलना शेडबाहेर रस्त्यावर गेली आणि तिने हातपंपाचं पाणी तपासलं. तिच्या मागे माणसं बाहेर आली, आणि त्यांच्यामागे महाराजही. हातपंपही निरोगी होता. कोणीतरी उसाचा रस सुचवला, पण तोवर लोक हसायला लागले होते.

मग चेलनाने आवाज चढवला आणि शेडमध्ये वर्ज्य असलेला शब्द पहिल्यांदा उच्चारला. ही एचआयव्हीची पट्टी आहे, ती म्हणाली. एक रेघ नेहमीच येते. द्रावण पट्टीवरून नीट वाहिलं एवढंच ती सांगते. दुसरी रेघ रोगाची खूण शोधते, आणि ती खूण रक्तात असते. पट्टीवर रक्तच पडलं नाही तर दुसरी रेघ येणार कुठून? दारात मगनभाऊ रक्त टाकतात म्हणून दोन येतात. आत महाराज पाणी टाकतात म्हणून एक येते. महाराजांनी आत्ता इथेच दोष काढलेल्या कोणाचंही रक्त पट्टीवर टाकून दाखवावं.

महाराज म्हणाले, आईसमोर रक्त चालत नाही. चेलना म्हणाली, आपण रस्त्यावर उभे आहोत.

त्यावर महाराज काही बोलण्याआधी रुमाल बांधलेल्यांच्या घोळक्यातून एक जण पुढे आला. त्याचा आवाज ऐकताच चेलनाने ओळखलं, हा समाधान.

"मनं रगत त लिंबूवर गयं," तो हळूहळू म्हणाला, स्वतःशीच हिशोब जुळवत. "मंग पट्टीवर कोनं रगत व्हतं?"

"कोणाचंच नाही, भाऊ," चेलना म्हणाली. ती त्याचं नाव घेणार नव्हती.

रुमाल कोणी सोडायला लावला नाही. पण नवऱ्याबरोबर पुन्हा दर्शनाला आलेली दिपमाला बायकांच्या गर्दीतून पुढे आली. नवऱ्याचा आवाज ओळखायला तिला त्याचं तोंड बघायची गरज नव्हती, आणि एचआयव्ही म्हणजे काय हेही तिला कळत होतं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. लोकांना वाटलं, आता ही बाई थोबाडीत देणार. तिला तसं वाटत असेलही, पण तिचा हात पोटावर होता.

"चला, धुयाले दवाखानामा जाऊत," ती म्हणाली. "आठे वळखीना लोके शेतस."

महाराजांना संध्याकाळी दृष्टांत झाला की देवीला आता दुसरा जिल्हा हवा आहे. सकाळी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार नोंदवून लोक पोलिसांना घेऊन शेडवर गेले तेव्हा सोफाही नव्हता. नारळ तेवढा चौरंगावर बसून होता.

त्याच सकाळच्या बसने समाधान आणि दिपमाला धुळ्याला निघाले, आणि त्यांच्या मागच्या सीटवर चेलना. सरकारी दवाखान्यात समाधानचं रक्त पुन्हा तपासलं. आजार पक्का ठरला. त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. दिपमालाच्या रक्तात काही निघालं नाही. पुढेही तपासत राहावं लागेल, काळजी घ्यावी लागेल, असं समुपदेशक बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. दिपमाला तोपर्यंत घट्ट बसली होती. ते ऐकलं आणि तिने पदर तोंडाला लावला.

बाहेर बाकावर चेलनाने समाधानला विचारलं की मी इतकं समजावलं होतं, तरी त्या भोंदूकडे का गेलास. तिच्या आवाजात थोडा रागही होता. समाधानने सांगितलं.

"महाराजेसनी माले बसाडं, चहा पाजा. मंग दोनदाव फोन करा, कसं शे म्हनीसन. तुम्हीन खरं सांगं, ताई, पन मी एकलाच व्हतू."

भोंदू माणूस खोट्या पट्टीचा पाठपुरावा करत होता, आणि खरी पट्टी देणाऱ्यांनी पट्टी देऊन हात झटकले होते.

तेव्हा वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं. दोन रेघा दिसल्या तर तो शेवट नाही. तिथून दवाखान्याचा रस्ता सुरू होतो. रेघ मंत्राने जात नाही, पुसून जात नाही, आणि ती गेल्याचं दाखवणाऱ्याला आधी विचारा की माझं रक्त कुठे आहे. गावच्या दवाखान्यात लाज वाटत असेल तर लांबच्या दवाखान्यात जा. एकट्याने पाय उचलत नसेल तर कोणाला तरी म्हणा, माझ्यासोबत चल. आणि तुम्हाला कोणी तसं म्हणालं, तर दुकान बंद करा आणि जा.