कुत्र्याच्या तोंडचा 'फ'

माझी ताई शब्दकोश करते आणि मी तिला सहन करतो. मुलांसाठी बोलणारा इंग्रजी-मराठी कोश आहे. शब्दावर बोट ठेवलं की ताईचा आवाज येतो. शब्द तिचे, रेकॉर्डिंग माझं; माझा धंदाच माइक-स्पीकरचा. स्टुडिओ म्हणजे तिच्या घरातली अडगळीची खोली, चारी भिंतींना गाद्या टेकवलेली. आवाज नको म्हणून पंखा बंद. ताईचं तोंड मात्र चालू. शब्दाचं कूळ आणि मूळ सांगितल्याशिवाय तिला तो उच्चारवतच नाही. म्हणून मी एक शिस्त लावून घेतली होती: तिचं पुराण सुरू झालं की यंत्र बंद, शब्द आला की चालू.

उद्या सकाळी तिच्या घशाची शस्त्रक्रिया. गाठ स्वरतंतूवर आहे, आवाज पूर्वीसारखा राहीलच असं डॉक्टरीणबाई सांगू शकत नाहीत. "त्यांचं रोजचं बोलणं मिनिटभर रेकॉर्ड करून आणा," त्या म्हणाल्या होत्या. "पुढे ताडून बघायला लागेल."

"मिनिटभर कशाला? हजारो फायली आहेत," मी ऐटीत सांगितलं.

ताईच्या घरी येऊन एकेक ऐकत बसलो. टेबल. टीचर. टर्टल. सगळे शब्द एका सुरात, स्टेशनवरच्या घोषणेसारखे. ताई त्यात कुठेच नव्हती. तिच्या पुराणांचा मला कंटाळा होता, आता माझ्या शिस्तीचा संताप आला.

मी यंत्र चालू केलं. "ताई, काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. रोज बोलतेस तसं."

ती ताठ बसली, घसा खाकरला. "नमस्कार. आज हवा स्वच्छ आहे."

मी कपाळावर हात मारला. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा हवा स्वच्छच.

"ते सोड," ती म्हणाली. "आपला 'वूफ' राहिलाय, तो उरकू."

वूफ म्हणजे इंग्रजांच्या कुत्र्याचं भुंकणं. महिनाभर ती तो टाळत होती.

"मग भुंक आणि मोकळी हो."

"भुंक काय, भुंक? आधी समजून घे."

सवयीने माझं बोट बटणाकडे गेलं. आणि तिथेच थांबलं. यंत्र चालू असल्याचं तिला कळू नये म्हणून मी त्याच्या लाल दिव्यावर तळहात ठेवला.

"त्यात समजायचं काय?" मी मुद्दाम म्हणालो. "कुत्रा वूफ करतो. संपलं."

"संपलं म्हणे! ओठ दाताला लावल्याशिवाय इंग्रजांचा 'फ' म्हणून दाखव बरं. कुत्र्याला जमेल? हा 'फ' माणसाने घातलाय. आपण त्याच कुत्र्याला भू-भू करायला लावतो. आणि तुझ्या त्या धुडाला वूफर का म्हणतात, माहितीये? खालच्या, घोगऱ्या आवाजाचा स्पीकर, म्हणून कुत्र्यावरून नाव. आयुष्य वूफर उचलण्यात गेलं आणि पत्ता नाही."

"मग विणकरांचा वूफ? तोही कुत्र्याचाच असेल."

"गाढवा, तो आडवा धागा. त्याचा कुत्र्याशी काडीचा संबंध नाही. विणण्याच्या जुन्या शब्दापासून आलाय. दिसायला सारखे म्हणून एकाच घरचे होतात का? शेजारच्या काकांचं नाक तुझ्यासारखं आहे, म्हणून..."

मग काकांचं नाक, तिथून आमच्या आईचं नाक, मग आई मांजराला हाक मारायची ती तऱ्हा, मध्येच माझी शाळेतली प्रगती. ती हात नाचवत होती, हसताना तिला ठसका लागत होता. एरवी मी वैतागून उठलो असतो. वैतागलो तर होतोच, हातही अवघडला होता. पण हलवला नाही.

शेवटी पाणी पिऊन ती म्हणाली, "भीती वाटते रे. आवाज गेला तर मी तुझ्यावर ओरडू कशी?"

मी दुसऱ्या हाताने तिचा पेला पुन्हा भरला.

"चल, लाव ते यंत्र," ती म्हणाली, आणि डोळे मिटून, 'फ' नीट दाताला लावून भुंकली. वूफ.

सकाळी तिला आत नेल्यावर मी डॉक्टरीणबाईंना फाईल दिली. त्यांनी हेडफोन लावून थोडं ऐकलं आणि लांबी बघून भुवया उंचावल्या.

"अहो, एवढं कशाला? मला मिनिटभर पुरे होतं."

"मला पुरत नाही," मी म्हणालो.